फाइल एक, फोल्डर किती?

मागच्या आठवड्यात मी आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग शोधत होतो. 'घरचे'मध्ये नाही, 'ऑडिओ'मध्ये नाही, 'गाव २०१९'मध्येही नाही. आजी आता नाही, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करायचा प्रश्नच नाही. दोन तासांनी सापडलं, 'न्यू फोल्डर ३'मध्ये!

चूक माझीच. पण फोल्डरचीही एक गोची आहे: त्यात फाइल राहते एकाच जागी. हीच गोची शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला छळत होती.

एस. आर. रंगनाथन मद्रासला गणित शिकवायचे. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ते काम शिकायला लंडनला गेले. तेव्हा १८७६ सालची ड्यूई पद्धत गाजलेली होती. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा पोटवर्ग, त्यांचे पुन्हा दहा. थोडक्यात, फोल्डरात फोल्डर. आता 'महाराष्ट्रातल्या उसाचं पाणी' असं पुस्तक आलं, तर ते कुठे ठेवणार? शेतीत, पाण्यात की महाराष्ट्रात?

लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट, पण जोडणी बदलली की नवीन खेळणं. त्यांना वाटलं, पुस्तकांचे विषयही असेच जोडता येतील! १९३३ मध्ये त्यांची 'कोलन' पद्धत छापून आली. विषयाचे पैलू वेगळे काढायचे, प्रत्येकाला खूण द्यायची आणि मध्ये कोलन, म्हणजे आपला अपूर्णविराम, टाकून जोडायचं. पीक ऊस, काम सिंचन, जागा महाराष्ट्र. माझ्या मते हेच टॅगचं मूळ डोकं.

पण पुस्तक शेवटी कपाटातच जाणार. त्यामुळे पैलूंचा क्रम ठरवावाच लागला, आणि जो पहिला, त्याच्या कपाटात पुस्तक. कॉम्प्युटरला कपाटाची गरज नव्हती, तरी आपण त्यात फोल्डर आणून बसवले. २००३ मध्ये डेलिशसवर लोक लिंकांना हवे तेवढे टॅग लावू लागले. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, तेही फोल्डरऐवजी लेबलं घेऊन. एकाच मेलला चार लेबलं, कसलीच अडचण नाही.

एक गोष्ट मात्र आपण रंगनाथनांकडून उचलली नाही. त्यांच्या खुणा आधी ठरलेल्या असत. आपण मनाला येईल ते लिहितो.

आजीच्या फाइलला आता चार टॅग आहेत: आजी, ओवी, गाव, २०१९. ताईने तिच्याकडच्या फाइलींना 'आज्जी' लावलंय. कोणी बदलायचं, यावर घरात अजून भांडण चालू आहे.