शिकलगाराचें चाक आणि इंजिनाची झीज

१ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या यंत्रयुगाशीं सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराचा संबंध काय, असें श्रोत्यांपैकीं कोणी विचारील. कुरुंदाची पूड लाखेंत बसवून त्याचें चाक होत असे. आणि हाच कुरुंद पुढें इंजिनाच्या कामीं आला. शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत पोहरा येथें त्याचा खडक आहे. इंग्रजांचा ‘कोरंडम’ हा शब्दहि तमिळमधूनच गेलेला!

इंग्लंडांत हेन्री मॉडस्लेनें १८०० च्या सुमारास लेथला सरकता हत्यारधर जोडला, तेव्हां कातारी मऊ लोखंड हवें तितकें बारीक उतरवूं लागला. परंतु तेलाच्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट व रॉकर यांचीं तोंडें कडक केलेलीं असतात. तेथें साधें हत्यार बोथट होतें. अमेरिकेंत चार्ल्स नॉर्टननें १९०० त जड ग्राइंडिंग यंत्र आणलें. तें घरच्या कारखान्यास कोठून परवडणार? तेथें लहान लेथच्या हत्यारधरावर मोटरीनें फिरणारें चाक बसवितात. तें बहुधा कृत्रिम कुरुंदाचें असतें.

१९४६ त पुण्याजवळ किर्लोस्करांची तेलइंजिनांची कंपनी निघाली, विहिरींवर मोटेऐवजीं इंजिनें वाढलीं, आणि झीजहि वाढली. मात्र टॅपेटचें कडक कवच पातळ असतें. खळगा जाईपर्यंतच घांसावें. हांव धरली कीं आंतलें मऊ पोलाद उघडें पडतें आणि तो भाग थोडक्याच दिवसांत वायां जातो. चाकाची धूळ लेथवर पडूं नये म्हणून जाणता कातारी आधीं त्यावर जाड फडकें पसरतो. नाहींतर दुरुस्ती करणारें यंत्रच झिजूं लागतें.