अजिंठ्यातील महापरिनिर्वाण शिल्प : छायाचित्राचा पुरावा आणि वाईड अँगल लेन्स

अजिंठ्यात 1844 पासून रॉबर्ट गिल याने केलेल्या चित्रप्रतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्याची छायाचित्रे मात्र 1864 मध्येच फर्ग्युसनच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली होती. पुढे छायाचित्र हे लेणी-अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरले. परंतु ते सावधपणेच वाचावे लागते.

26 क्रमांकाच्या चैत्यगृहातील महापरिनिर्वाण शिल्प सुमारे 7 मीटर लांब असून ते डाव्या प्रदक्षिणापथाच्या भिंतीत कोरलेले आहे. समोर स्तंभांची रांग असल्याने छायाचित्रकाराला मागे सरकता येत नाही. 35 मि.मी. फिल्मच्या काळात येथे वाईड अँगल लेन्स हाच सोयीचा उपाय होता. 50 मि.मी. लेन्स कर्णरेषेवर सुमारे 47 अंशांचे क्षेत्र टिपते, 20 मि.मी. लेन्स सुमारे 94 अंशांचे. पायथ्याशी उभे राहून घेतलेल्या चित्रात तथागतांची पावले अवाढव्य, मस्तक लहान दिसते. हा दोष लेन्सच्या माथी मारला जातो, तो चुकीने. त्याच जागेवरून, त्याच दिशेने 50 मि.मी. लेन्सने घेतलेले चित्र म्हणजे या चित्राचा मधला तुकडाच होय. प्रमाण बिघडते ते अतिनिकटतेमुळे. म्हणून केवळ अशा चित्रावरून शिल्पकाराच्या प्रमाणदृष्टीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. कॅमेऱ्याच्या जागेची नोंद नसली तरी चित्राच्या कडेला आलेल्या स्तंभांवरून ती बरीचशी ठरविता येते.