जलसंजीवनी आणि पेशीपटल

बीड जिल्ह्यातील वडवणी तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीवर मुलाला जुलाब लागल्यास दवाखाना अनेकदा दूर असतो. अशा वेळी जलसंजीवनी प्राण वाचवू शकते. तिचे रहस्य पेशीपटलात आहे. प्राणवायू या पटलातून विसरणाने सहज जातो; सोडियम व ग्लुकोज यांना मात्र वाहक प्रथिने लागतात. आतड्यातील एक प्रथिन या दोघांना एकत्रच पेशीत घेते, असे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. त्यांच्यामागे परासरणाने पाणीही शोषले जाते. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच द्रावणाने हजारोंवर उपचार केले. साखर जादा झाल्यास पाणी उलट आतड्यात ओढले जाते. म्हणून पाकिटावरील प्रमाण काटेकोरपणे पाळावे.