टिटवी व माळटिटवी : नामकरण आणि अधिवासाचा तुलनात्मक इतिहास (विशेष संदर्भ : सेवाग्राम परिसर)

प्रस्तावना :
इ. स. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगाव येथे वास्तव्यास आले. शेगाव नावाचे दुसरे गाव असल्याने टपालात घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये या गावास 'सेवाग्राम' हे नाव देण्यात आले. एकच नाव दोहोंस लागले की एकाची ओळख झाकोळते. वर्धा जिल्ह्यात आढळणाऱ्या टिटवी व माळटिटवी या दोन पक्ष्यांबाबत हेच घडले आहे.

शास्त्रीय नामकरण :
दोन्ही पक्षी किनारपक्ष्यांच्या गणातील, व्हॅनेलस या एकाच प्रजातीचे होत. डच निसर्गशास्त्रज्ञ पीटर बॉडार्ट याने १७८३ मध्ये फ्रेंच चित्रसंग्रहाच्या आधारे त्यांना अनुक्रमे 'इंडिकस' व 'मलबारिकस' ही जातिनामे दिली. पहिल्याचा मूळ नमुना गोव्याचा, तर दुसऱ्याचा मलबारचा मानला जातो. युरोपीय व्यापाराची बंदरे अशा रीतीने नावांत उतरली. माळटिटवी मात्र मुख्यतः कोरड्या माळाची रहिवासी आहे.

तुलनात्मक विवेचन :
टिटवीच्या डोळ्यांपुढे लाल मांसल पाळी असून डोके व छाती काळी असते. ती पाणवठ्याजवळ व ओलिताच्या शेतात वावरते. माळटिटवी आकाराने लहान, पाळी पिवळी व डोक्यावर काळी टोपी. मुरमाड, उघडी जमीन तिला मानवते. दोघीही जमिनीवरच साधारणतः चार अंडी घालतात.

मराठी लोकमानसात स्थान मिळाले ते मोठ्या आवाजाच्या टिटवीला. तिचे रात्रीचे ओरडणे अशुभ मानले गेले, तर 'टिटवी देखील समुद्र आटविते' या म्हणीने तिच्या जिद्दीचा गौरवही केला. माळटिटवी त्याच नावाच्या छायेत राहिली. तिचा सखोल अभ्यास सुरेश जयकर व हेलन स्परवे यांनी केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात कोरड्या ऋतूतील तिच्या विणीचे सविस्तर वर्णन आहे. पोटाची पिसे भिजवून अंडी व पिले थंड ठेवण्याची टिटव्यांची रीत विदर्भासारख्या प्रखर उन्हाळ्याच्या प्रदेशात विशेष अर्थपूर्ण ठरते.

निष्कर्ष :
टिटवी कालवे व ओलित शेतीशी जुळवून घेते. माळटिटवीला उघडा माळच लागतो. महसुली भाषेत मात्र असा माळ 'पडीक' ठरतो. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाल्यानंतर अशा जमिनींवरील वृक्षलागवडीस धोरणात्मक बळ मिळाले. झाडे लावणे हे पुण्यकर्म असले तरी प्रत्येक उघडी जमीन ओसाड नसते. दोन पक्ष्यांतील भेद ओळखणे म्हणजे दोन प्रकारच्या भूमींतील भेद ओळखणे होय. तो न ओळखल्यास माळटिटवीचे घर विकासाच्या नावाखाली नष्ट होईल.