कुंडीतला पाम आणि कृष्णाकाठची जमीन

आज आपण दिवाणखान्यातल्या पामपासून सुरुवात करू. सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत झाड असे ते अंगणात, नाहीतर परसात. तुळससुद्धा वृंदावनात, म्हणजे उघड्यावरच. शोभेचं झाड घरात आणायची रीत आली विलायतेकडून.

लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ मध्ये दिसलं, की बंद काचेत रोप वरून पाणी न घालताही टिकतं. १८३३ मध्ये अशा काचपेट्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीला गेली. परमुलखातली झाडं युरोपात नेणं मग सोपं झालं. लंडनच्या क्यू बागेतलं काचेचं पामघर १८४८ मध्ये पुरं झालं. त्याच साली डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं. म्हणजे बघा, एकच सत्ता राज्यंही घेत होती आणि झाडंही.

आपल्या घरांत बहुधा असतो तो अरेका पाम, मूळचा मादागास्करच्या दमट जंगलातला. त्याची पानं टोकाला करपली की आपण काय करतो? आणखी पाणी घालतो. आणि इथेच कृष्णाकाठ आठवतो.

१९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्हे दोन, पण कृष्णा एकच. कराडजवळच्या खोडशीहून एकोणिसाव्या शतकातच कालवा निघाला. पुढे उपसा योजना आल्या, ऊस वाढला. पाणी वाढलं, पण निचरा वाढला नाही. वाळवा, पलूस, मिरज भागात जमिनी क्षारपड झाल्या. साचलेलं पाणी वर येतं, उडून जातं, क्षार मागे राहतात.

कुंडीतही नेमकं तेच होतं. मातीवरचा पांढरा थर हीच त्याची खूण. तेव्हा कुंडीला भोक हवं, ताटलीत पाणी साचू देऊ नये, वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी घालावं. अधूनमधून कुंडी बाहेर नेऊन भरपूर पाण्याने माती धुवावी. जागा खिडकीजवळची, उजेडाची; पण दुपारचं कडक ऊन नको. आणि शेंडा छाटू नये, कारण पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच असतो.

कुंडी धुणं एकट्याचं काम आहे. शेताचं तसं नाही. एकाच्या रानात मुरलेलं पाणी खालच्याच्या रानात फुटतं, म्हणून जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकायच्या तर अख्ख्या शिवाराला एकत्र बसावं लागतं. पाणी आणताना आपण एकत्र आलो होतो. ते बाहेर काढायलाही यावं लागेल.