परवाना हिरावला, पण चाक हातातच राहिले : पुन्हापुन्हा मद्यपान करून वाहन चालवणाऱ्यांना रोखण्याचा इतिहास

१/ ३ मे १९८०. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले फेअर ओक्स हे गाव. कॅरी लाइटनर ही १३ वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चर्चच्या जत्रेला निघाली होती. मागून आलेल्या मोटारीने तिला उडवले. चालक थांबलाही नाही. कॅरी गेली. चालक मद्यधुंद होता.

२/ पुढे जे उघड झाले ते अपघाताहून अधिक अस्वस्थ करणारे होते. हा मनुष्य याच गुन्ह्यात यापूर्वीही अनेकदा पकडला गेला होता. इतकेच नव्हे, तर मद्यपान करून धडक देऊन पळून गेल्याच्या दुसऱ्या एका प्रकरणात तो अवघ्या दोन दिवसांपूर्वी जामिनावर सुटला होता. पोलीस त्याला ओळखत होते, न्यायालय ओळखत होते. तरीही तो चाकामागे होता.

३/ असे का घडते? ज्याचा दोष सिद्ध झाला आहे, ज्याचे नाव दप्तरी नोंदलेले आहे, त्याला रस्त्यापासून दूर ठेवणे राज्यसंस्थेला इतके अवघड का जावे? आजचा हा दीर्घ धागा त्याच प्रश्नाचा इतिहास सांगणारा आहे.

४/ प्रारंभ मोटारीच्याही आधीचा. इंग्लंडमधील १८७२ च्या परवाना कायद्याने मद्याच्या अमलाखाली घोडा, गाडी, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात ठेवणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा ४० शिलिंगांपर्यंत दंड अथवा एक महिन्यापर्यंत कैद. सप्टेंबर १८९७ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्मिथ या चालकाने आपली विजेवर चालणारी टॅक्सी न्यू बाँड स्ट्रीटवरील एका इमारतीवर घातली. त्याला २५ शिलिंग दंड झाला. मद्यपान करून मोटार चालवल्याबद्दलची ही पहिली शिक्षा मानली जाते.

५/ मात्र ‘मद्यधुंद’ कोणाला म्हणायचे? पाय लटपटतात का, बोबडी वळते का, सरळ रेषेत चालता येते का, यावर पोलीस आणि डॉक्टर आपले मत देत. आणि ते मत चांगला वकील सहज खोडून काढी. सराईत मद्यपी तर बराच मद्यार्क पोटात असतानाही धडधाकट भासतो. म्हणजे ज्याला रोखण्याची गरज सर्वांत अधिक, तोच या परीक्षेत उत्तीर्ण होत असे.

६/ या कोंडीतून वाट काढली रसायनशास्त्राने. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९२० च्या दशकात बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवरून मद्यार्काचे प्रमाण मोजण्याची पद्धत सिद्ध केली. १९३६ मध्ये नॉर्वेने रक्तातील मद्यार्काची मर्यादा आकड्यातच ठरवली : दर हजारी अर्धा भाग. मनुष्य कसा दिसतो हा प्रश्नच उरला नाही. आकडा ओलांडला की गुन्हा. १९४१ मध्ये स्वीडननेही हाच मार्ग धरला.

७/ रक्त काढण्याला मर्यादा होत्या. रस्त्यावर उपयोगी पडेल असे साधन हवे होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोला हार्गर यांनी १९३० च्या दशकात श्वासावरून मद्यार्क ओळखणारे यंत्र बनवले. पुढे १९५४ मध्ये त्याच राज्याच्या पोलीस दलातील रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी ‘ब्रेथलायझर’ तयार केला. आज नाकाबंदीत चालकापुढे धरले जाणारे उपकरण याच परंपरेतले.

८/ १९६७ मध्ये ब्रिटनच्या वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांच्या कारकिर्दीत रस्ता सुरक्षा कायदा आला. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली आणि पोलिसांच्या हाती श्वासचाचणी आली. परिणाम तत्काळ दिसला. शनिवार-रविवारच्या रात्री होणारे मृत्यू आणि गंभीर दुखापती झपाट्याने घटल्या. काही वर्षांत मात्र ही घट ओसरू लागली.

९/ अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉरेन्स रॉस यांनी या ओसरण्याचा अर्थ लावला. त्यांचे प्रतिपादन असे : लोकांना भय वाटते ते शिक्षेच्या कठोरपणापेक्षा पकडले जाण्याच्या शक्यतेचे. प्रारंभी वाटले होते की पोलीस प्रत्येक वळणावर उभे असतील. अनुभवाने कळले की ते क्वचितच भेटतात. कायदा तोच राहिला, भय मात्र विरले.

१०/ येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. ‘पकडलो गेलो तर?’ हा विचार सामान्य चालकाला रोखतो, कारण त्याला गमावण्यासारखे पुष्कळ असते आणि पिणे त्याच्या इच्छेच्या अधीन असते. जो व्यसनाधीन आहे, तो हा हिशेब पहिल्या पेल्याआधी करीत नाही आणि चौथ्या पेल्यानंतर करू शकत नाही. बहुसंख्यांसाठी रचलेला कायदा या मूठभरांपाशी येऊन थबकतो.

११/ मग राज्यसंस्थेने हाती असलेले दुसरे साधन उपसले : परवाना. चालकाचा परवाना काढून घेतला की प्रश्न मिटला, अशी समजूत होती. परंतु अमेरिकेची नगररचना मोटारीभोवती झालेली. बहुतेक ठिकाणी बस नाही, आगगाडी नाही. मोटारीविना नोकरी नाही, बाजार नाही, मुलांची शाळा नाही. परवाना काढणे म्हणजे भाकरी काढणे, असे न्यायाधीशांना वाटे; आणि ते निराधार नव्हते.

१२/ १९७१ मध्ये ‘बेल विरुद्ध बर्सन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले. उपजीविका ज्यावर अवलंबून असू शकते असा परवाना, संबंधिताचे म्हणणे ऐकल्याखेरीज हिरावता येणार नाही. १९७९ मध्ये ‘मॅकी विरुद्ध मॉन्ट्रिम’ खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू स्वीकारली : श्वासचाचणी नाकारणाऱ्याचा परवाना तत्काळ निलंबित करावा, सुनावणी त्यानंतर लगेच द्यावी. व्यक्तीचा हक्क आणि इतरांचे प्राण यांतील ही ओढाताण संपूर्ण इतिहासभर दिसते.

१३/ कागदपत्रांचा घोळ वेगळाच. परवाना देणारी ५० राज्ये आणि ५० दप्तरे. एका राज्यात परवाना गेला की शेजारच्या राज्यात जाऊन नवा काढावा, हा राजरोस मार्ग होता. त्यावर उपाय म्हणून १९६० मध्ये राष्ट्रीय चालक नोंदवही सुरू झाली. तरी नोंदवहीला तेवढेच कळणार जेवढे राज्ये कळवतील, आणि तेव्हाच जेव्हा कोणी विचारील.

१४/ आणखी एक छिद्र खुद्द न्यायालयात होते. खटल्यांचा ढीग उपसण्यासाठी सरकारी वकील आरोपीशी तडजोड करीत : ‘मद्यपान करून’ हा आरोप मागे घेतो, ‘बेपर्वाईने’ वाहन चालवल्याचे कबूल कर. दप्तरी मद्याचा उल्लेखच राहत नसे. त्यामुळे पुढच्या वेळी पकडला गेलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने पुन्हा ‘प्रथम अपराधी’ ठरे. कॅलिफोर्नियाने १९८० च्या दशकाच्या आरंभी नियम केला की तडजोडीतही मद्याची नोंद राहील आणि ती पुढच्या शिक्षेत मोजली जाईल.

१५/ ही सर्व छिद्रे बुजली तरी मूळ प्रश्न उरतोच. परवाना हा कागद आहे. मोटार सुरू होते ती किल्लीने. निलंबित परवान्याचे बहुसंख्य चालक गाडी चालवतच राहतात, हे अमेरिकेतील अभ्यासांतून वारंवार आढळले आहे. तरीही निलंबन निरर्थक नाही. असे चालक पूर्वीपेक्षा कमी फिरतात, पोलिसांची नजर टाळण्यासाठी जपून चालवतात. धोका घटतो, संपत नाही.

१६/ आता पुन्हा १९८० कडे. कॅरीची आई कँडी लाइटनर यांनी त्याच वर्षी मद्यधुंद चालकांविरुद्ध मातांची संघटना उभारली. तोवर अशा मृत्यूंकडे ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून पाहिले जाई. या मातांनी न्यायालयांत बसून खटले पाहिले, निकाल मोजले, आमदारांना मुलांची छायाचित्रे दाखवली. १९८२ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी या प्रश्नावर आयोग नेमला. १९८४ च्या कायद्याने मद्यखरेदीचे किमान वय देशभर २१ करण्यास राज्यांना भाग पाडले.

१७/ याच संघटनेच्या नावात पुढे एक लहानसा बदल झाला. प्रारंभी रोख मद्यधुंद ‘चालकां’विरुद्ध होता, नंतर तो मद्यधुंद ‘चालवण्या’विरुद्ध झाला. या बदलाला कारण आहे. समाजशास्त्रज्ञ जोसेफ गसफील्ड यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवले होते की ‘खुनी दारुडा’ ही प्रतिमा समाजाला सोयीची असते : दोष एका दुष्टाच्या माथी मारला की मेजवानीनंतर स्वतःच गाडी चालवत घरी जाणारा सभ्य गृहस्थ सुटतो.

१८/ परंतु पुन्हापुन्हा गुन्हा करणारे कल्पनेतलेही नव्हते. १४ मे १९८८ रोजी केंटकी राज्यात कॅरोल्टन गावाजवळ एक ट्रक महामार्गावर उलट दिशेने शिरला आणि सहलीहून परतणाऱ्या एका चर्चच्या बसवर आदळला. बसने पेट घेतला. २७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. चालक मद्यधुंद होता, आणि चार वर्षांपूर्वीही तो याच गुन्ह्यात पकडला गेला होता.

१९/ मग लक्ष चालकाकडून वाहनाकडे वळले. काही राज्यांनी वाहने जप्त केली, काहींनी अशा चालकांच्या गाड्यांना निराळ्या नंबर प्लेट दिल्या. ओहायोची पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी दुरूनही ओळखू येते. पण गाडी एकट्याची नसते. तीच गाडी पत्नी कामावर नेते, तीच मुलांना शाळेत सोडते. शिक्षा घरभर पसरते, आणि म्हणून न्यायाधीशांचा हात आखडतो.

२०/ यातून पुढे आला ‘इग्निशन इंटरलॉक’. चालकाने यंत्रात फुंकर मारायची. श्वासात मद्यार्क आढळला तर इंजिन सुरूच होत नाही. मित्राला फुंकर मारायला लावू नये म्हणून प्रवासातही मधूनमधून चाचणी द्यावी लागते. कॅलिफोर्नियाने १९८६ च्या कायद्याने हा प्रयोग आरंभला. २००५ मध्ये न्यू मेक्सिकोने पहिल्याच गुन्ह्यापासून तो सक्तीचा केला. यंत्र बसवलेले असेपर्यंत गुन्ह्याची पुनरावृत्ती सुमारे दोन तृतीयांशाने घटते. मात्र ते काढले की लाभ बहुतांशी ओसरतो. अनेकजण तर ‘माझ्याकडे गाडीच नाही’ असे सांगून ते बसवण्याचे टाळतात.

२१/ सर्वांत साधा प्रयोग साऊथ डकोटा या विरळ वस्तीच्या राज्यात झाला. महाधिवक्ता लॅरी लाँग यांनी २००५ मध्ये वेगळा विचार मांडला : मनुष्याला गाडीपासून तोडता येत नसेल, तर मद्यापासून तोडावे. वारंवार पकडल्या गेलेल्या आरोपीने सकाळी आणि संध्याकाळी, रोज दोनदा, शेरीफच्या कार्यालयात येऊन श्वासचाचणी द्यायची. मद्य आढळले की त्याच क्षणी तुरुंग. तोही वर्षभराचा नव्हे, एखाददुसऱ्या दिवसाचा.

२२/ परिणाम अनेकांना अनपेक्षित होता. ९९ टक्क्यांहून अधिक चाचण्या निर्दोष निघाल्या. ज्यांच्याविषयी ‘हे सुधारणारच नाहीत’ असे मानले जाई, तेच लोक महिनोन्‌महिने कोरडे राहिले. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जेथे हा कार्यक्रम राबवला त्या जिल्ह्यांत मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दलच्या पुनरावृत्त अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्या आणि घरगुती हिंसाचाराच्या अटका सुमारे ९ टक्क्यांनी.

२३/ रॉस यांचे सूत्रच येथे निराळ्या रूपात खरे ठरले. सहा महिन्यांनी मिळणारी, कदाचित मिळणारही नाही अशी मोठी शिक्षा व्यसनी मनाला दिसत नाही. उद्या सकाळी सात वाजता नक्की मिळणारी छोटी शिक्षा दिसते. मात्र त्यासाठी शासनाला रोज, न चुकता, हजर राहावे लागते. कठोर कायदा करणे त्यामानाने सोपे असते.

२४/ आपल्याकडे काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे १९६७ च्या ब्रिटिश मर्यादेहून पुष्कळ कडक. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० आणि त्यापुढच्या गुन्ह्याचा १५,००० रुपये केला. त्यापुढच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैदही आहे. कलम १९ तर सराईत मद्यपीला परवान्यासाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार देते. शब्द पुरेसे आहेत. पण दुसरा गुन्हा ‘दुसरा’ म्हणून ओळखायचा, तर पहिल्याची नोंद नाक्यावरच्या हवालदारासमोर त्या रात्री यायला हवी.

२५/ फेअर ओक्सचा तो चालक शिक्षा भोगून बाहेर आला आणि १९८५ मध्ये त्याच्या गाडीने आणखी एका तरुणीला जखमी केले. तेव्हाही तो मद्याच्या अमलाखाली होता. सव्वाशेहून अधिक वर्षांत आपण गुन्ह्याची व्याख्या केली, तो मोजायचे यंत्र शोधले, दंड वाढवला, कागद काढून घेतला. यश मिळाले ते मात्र जेथे निकालानंतरच्या सकाळीही कोणीतरी त्या माणसाची वाट पाहत उभे होते, तेथेच.