पट आणि हजेरी : रहिमतपूर परिसराच्या संदर्भात शालेय उपस्थितीचा इतिहास

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील जुने बाजाराचे गाव होय. आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याची कबर येथे आहे. गावाच्या नावाकडे शब्ददृष्ट्या पाहिले तर त्यात अरबी ‘रहमत’ आणि संस्कृत ‘पुर’ यांचा संयोग झालेला दिसतो. शाळेच्या व्यवहारातील मराठी शब्दसंपत्तीही अशीच दुपेडी आहे. शाळा, पाठ, विद्यार्थी, इयत्ता, पालक हे शब्द संस्कृतातून आलेले आहेत. हजेरी, दाखला, दफ्तर, रजा हे अरबी-फारसीतून. पहिल्या वर्गातील शब्द विद्येचे आहेत, तर दुसऱ्या वर्गातील कारभाराचे. शिपायांची व कारकुनांची उपस्थिती मोजण्यासाठी जो शब्द रूढ होता, तोच पुढे मुलांच्या उपस्थितीस लागू झाला.

शालेय कारभारात आणखी एक जोडी महत्त्वाची आहे. ती म्हणजे ‘पट’ आणि ‘हजेरी’. पटावर मुलाचे नाव असते; हजेरीत ते मूल स्वतः असते. शिक्षणप्रसाराचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पटाचे आकडे घेतो आणि हजेरीचा प्रश्न बाजूस ठेवतो. वास्तविक पट हा शासनाच्या प्रयत्नाचा पुरावा आहे, आणि हजेरी ही घराच्या निर्णयाचा. हा निर्णय मुलाचा नसून आईबापांचा असतो, आणि तो एकदाच होत नाही. रोज सकाळी नव्याने होतो. तो कोणत्या परिस्थितीत शाळेच्या बाजूने लागतो आणि कोणत्या परिस्थितीत विरुद्ध जातो, याचा विचार सातारा जिल्हा व त्याच्या लगतच्या प्रदेशाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत हजेरीपट नव्हता, तरी हजेरीची जाणीव मात्र होती. जो मुलगा आला नाही त्यास आणण्यासाठी पंतोजी मोठ्या मुलांना घरी पाठवीत असे, आणि प्रसंगी ही मुले त्यास उचलूनही आणीत. धूळपाटीवरील अक्षरे, उजळणी, पावकी-निमकी व मोडी वाचन एवढा तेथील अभ्यास असे. पंतोजीची उपजीविका मुलांच्या घरून येणाऱ्या धान्यावर व पैशांवर चाले. मूल येईनासे झाले की त्याच्या मिळकतीतच तूट येई. त्यामुळे घर आणि शाळा यांचा संबंध प्रत्यक्ष व निकटचा होता. तथापि ही शाळा ज्यांच्या व्यवसायास लिहिणे-वाचणे आवश्यक होते अशा घरांपुरतीच होती, ही तिची मर्यादा विसरता येत नाही. शेतकरी, बलुतेदार व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले, तसेच जवळजवळ सर्व मुली, या व्यवस्थेच्या बाहेरच होत्या.

या बाहेरच्या घरांचा प्रश्न पहिल्यांदा स्पष्टपणे मांडला तो जोतीराव फुले यांनी. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण हे रहिमतपुराच्या पूर्वेस खटाव तालुक्यात आहे, आणि सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव हेही सातारा जिल्ह्यातच येते. जोतीरावांचे स्वतःचे शिक्षण मध्येच बंद पडले होते. वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले. पुढे शेजारी गफार बेग मुन्शी व लिजिट या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. या घटनेत कायदा नव्हता, दंड नव्हता; होती ती एका बापाची समजूत घालणारी दोन माणसे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुले यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, हे सुपरिचित आहे. परंतु त्याच निवेदनात त्यांनी गैरहजेरीची जी कारणमीमांसा केली तिच्याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. कुणब्याचे घर मुलाला शाळेत धाडत नाही, कारण घरात कमालीचे दारिद्र्य आहे आणि गुरे राखण्यास व शेत सांभाळण्यास त्या मुलाचीच गरज आहे, असे ते सांगतात. म्हणून शाळांची संख्या वाढविण्याबरोबरच शिष्यवृत्त्या व सहामाही अथवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे सक्ती आणि साहाय्य या दोन गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. पुढील तीस-चाळीस वर्षांत चर्चा मुख्यतः सक्तीचीच झाली.

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात तो सुरू केला आणि १९०६ साली सर्व संस्थानास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गोखले यांच्या शिक्षणासाठी त्यांचे वडीलबंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली होती. एका मुलाच्या हजेरीसाठी घरातील दुसऱ्यास काय द्यावे लागते याचा अनुभव विधेयकाच्या कर्त्यास स्वतःच्या घरातच मिळालेला होता.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, आणि ४ मार्च १९१८ रोजी चिखली येथे त्यानुसार पहिली शाळा निघाली. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला होता. त्या काळी शेतमजुराच्या घरास ही रक्कम लहान नव्हती. तथापि कोल्हापूरचा कायदा केवळ दंडाचा नव्हता. शिक्षण मोफत होते, आणि विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्याचे कार्य महाराजांनी त्यापूर्वीच हाती घेतले होते. दंडाच्या मागे ही व्यवस्था होती, म्हणून त्या दंडास अर्थ होता.

ब्रिटिश मुलखात, म्हणजे सातारा जिल्ह्यात, परिस्थिती निराळी होती. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात जो कायदा झाला तो जिल्ह्यांतील नगरपालिकांपुरता होता, आणि त्यांनी स्वतः ठराव केल्यावाचून सक्ती लागू होत नसे. रहिमतपुरास ब्रिटिश अमदानीत नगरपालिका होती. भोवतालच्या खेड्यांस ती नव्हती. परिणामी गावकुसाच्या आत कायद्याची निदान शक्यता होती आणि शिवेपलीकडे तीही नव्हती. खेड्यांपर्यंत सक्तीची तरतूद पोहोचण्यास १९२३ चा कायदा व्हावा लागला. या क्रमाचा विचार केला म्हणजे असे दिसते की, जेथे गुरे राखणारी व शेत सांभाळणारी मुले होती, तेथेच कायदा सर्वांत शेवटी गेला.

कायद्याशिवाय घराने काय केले, याचे एक उदाहरण याच परिसरात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरातील क्रमांक १९१४ आहे. त्या सुमारास वडील रामजी सुभेदार दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदाईवर खजिनदार म्हणून खटाव तालुक्यात नोकरीस होते. मुलांना कामाच्या ठिकाणी नेणे त्यांना सोयीचे झाले असते; पण त्यांनी मुलांना साताऱ्यात आत्याच्या व शेजाऱ्यांच्या हवाली ठेवले आणि शाळा चालू राहू दिली. १९०१ च्या उन्हाळी सुटीत ही मुले वडिलांना भेटण्यास निघाली ती साताऱ्याहून मसूरपर्यंत आगगाडीने. हा लोहमार्ग रहिमतपुरावरूनच जातो. मसूर स्थानकावर व पुढे बैलगाडीच्या प्रवासात अस्पृश्य म्हणून त्यांना जे भोगावे लागले त्याचे वर्णन आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पालकाचा पाठिंबा म्हणजे केवळ नाव घालणे नव्हे. पोटासाठी स्वतः दूर जावे लागले तरी मुलाचा शाळेतील दिवस न मोडू देणे, हा त्याचा खरा अर्थ होय. दुसरी गोष्ट अशी की, घराने आपले कर्तव्य केले म्हणून शाळेने केलेच असे होत नाही. आंबेडकरांचे नाव पटावर होते आणि ते हजरही होते. पण त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने पाणी घातले तरच तहान भागे. ज्या शाळेत मुलाचा असा अपमान होतो, तेथे त्याला रोज पाठविण्यास घराला फार मोठे धैर्य लागते. गैरहजेरीची चर्चा करताना ही बाजू नेहमी वगळली जाते.

घर दूर आहे, गरीब आहे, आणि शाळेस मूल परके आहे, या तिन्ही अडचणींना एकाच वेळी उत्तर देण्याचा प्रयत्न भाऊराव पाटील यांनी केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांनी श्रम करून शिकावे या तत्त्वामुळे एक मूलभूत अडचण सुटली. मुलाचे श्रम ही घराची गरज होती; तेच श्रम आता त्याच्या शिक्षणाचा आधार बनले. घराला दरमहा खर्च सोसावा लागला नाही, आणि मुलगा परक्या ठिकाणी असूनही आपल्यासारख्यांत राहिला. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. आपल्या पोटच्या नसलेल्या मुलांची हजेरी टिकविण्यासाठी एका स्त्रीने पालकत्व स्वीकारल्याचे हे उदाहरण आहे. ‘पालक’ या शब्दाचा धात्वर्थ ‘रक्षण करणारा’ असा आहे. जन्मदाता असा नव्हे. या अर्थाने तो शब्द येथे पूर्णपणे सार्थ ठरतो.

पट आणि हजेरी यांतील अंतर किती मोठे असू शकते हे १९२९ च्या हार्टोग समितीने दाखवून दिले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत केवळ १८ होते. या प्रकारास मराठीत ‘गळती’ हा शब्द रूढ झाला. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. भांडे गळते तेव्हा आपण पाण्यास दोष देत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र मूल व त्याचे आईबाप यांनाच दोषी धरण्याची सवय दीर्घकाळ राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात ही दृष्टी हळूहळू बदलली. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त जातींच्या, पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसास एक रुपया भत्ता देण्याची योजना सुरू केली. त्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट होती. १९१८ च्या कोल्हापुरात गैरहजेरीबद्दल पालकाकडून घेतला जाणारा रुपया, १९९२ साली हजेरीबद्दल घरास दिला जाऊ लागला. दोन्ही रुपयांचे मोल सारखे नव्हते. १९९२ च्या रुपयाने मजुरीची भरपाई होणे शक्यच नव्हते. पण रुपयाची दिशा बदलली, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही. १९९५ पासून ८० टक्के हजेरी असणाऱ्या मुलास दरमहा तीन किलो तांदूळ देण्याची केंद्राची योजना आली, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजविलेले अन्न देण्याची पद्धत रूढ झाली. फुले यांनी १८८२ साली सुचविलेल्या साहाय्याचेच हे पुढील रूप होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थच पालटला. मुलाचा प्रवेश, उपस्थिती व शिक्षणाची पूर्तता घडवून आणणे हे बंधन शासनावर घालण्यात आले. मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानले आहे, पण त्यासाठी दंड सांगितलेला नाही. उलट शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत अशी तरतूद आहे. शतकापूर्वी आरोपी असलेला पालक अशा रीतीने कायद्याने देखरेख करणारा झाला.

तथापि कायद्याने अधिकार दिला म्हणजे तो वापरण्याची सवड मिळतेच असे नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर विशेष पटपडताळणी करावी लागली, यावरून पट व हजेरी यांतील अंतर मिटले नसल्याचे शासनानेच मान्य केले. ज्यांची आईबापे उसाच्या तोडणीस हंगामभर घर सोडून जातात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना राज्यात आहे. आईबाप कामावर, मूल मात्र नात्यातल्या कुणापाशी गावात आणि शाळेत, ही रामजी सुभेदारांनी १९०१ साली स्वतःच्या बळावर केलेली सोय होती. तीच आता शासनाच्या साह्याने करण्याचा हा प्रयत्न आहे. जेथे आजी किंवा आत्या नाही, अथवा वसतिगृह वेळेवर सुरू होत नाही, तेथे मूल गाडीत बसते आणि पटावर फक्त नाव उरते.

मजुराच्या भाषेत न भरलेल्या दिवसास ‘खाडा’ म्हणतात. त्या दिवसाची मजुरी कापली जाते, एवढ्यावर हिशेब संपतो. शाळेतील खाड्याचा हिशेब असा संपत नाही. एका दिवशी चुकलेला पाठ दुसऱ्या दिवशीच्या पाठास अडवतो, आठवडाभर चुकलेले मूल वर्गात असूनही मागे पडते, आणि मागे पडलेल्या मुलास घरी ठेवणे आईबापांस अधिकाधिक सोपे वाटू लागते. म्हणून नियमित हजेरीचे महत्त्व पालकास पटवून देणे अवश्य आहे. परंतु या प्रदेशाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा अनुभव असे सांगतो की, ज्या घराला मुलाच्या श्रमाची उणीव भरून मिळाली, ज्याच्या मुलास शाळेत मान मिळाला, आणि ज्याच्याशी कुणी दारात येऊन बोलले, त्या घराने शाळेस पाठिंबा दिला. गोविंदरावांची समजूत घालणाऱ्या दोघांनी १८४१ साली हेच केले होते.

जुन्या शाळांच्या दफ्तरांत पडून असलेले हजेरीपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. सुगी, दुष्काळ, साथ, जत्रा आणि आठवड्याचा बाजार यांच्या खुणा त्यांतील रिकाम्या घरांत उमटलेल्या असणार. रहिमतपुरासारख्या बाजाराच्या गावी आणि त्याभोवतीच्या खेड्यांत असे हजेरीपट जपून ठेवून त्यांचा तौलनिक अभ्यास झाला, तर शिक्षणप्रसाराचा इतिहास पटाच्या आकड्यांवरून लिहिण्याची आपली सवय मोडेल आणि घराघरांतील निर्णयांचा इतिहास लिहिण्यास प्रारंभ होईल.